ट्रस्टचा वृद्धाश्रम की बंगल्यातले खासगी केंद्र?

खोल्या, खाटा, लिफ्ट, डॉक्टरांची फेरी हे सगळे तुम्ही बघून झालेलेच असणार, तेव्हा त्यात शिरत नाही. आईसाठी शोधाशोध करताना शेवटी आमच्यापुढे दोन ठिकाणे उरली. एक, पुण्याबाहेर मोकळ्या आवारातला एका ट्रस्टचा जुना वृद्धाश्रम. दुसरे, उपनगरातल्या दुमजली बंगल्यात चालणारे खासगी केंद्र. आई दोन्हीकडे राहिली आहे, आधी आश्रमात आणि आता बंगल्यात. नावे सांगत नाही, दोन्हीकडे ओळखीची माणसे आहेत. (2007च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान एक, 150 जणांची सोय असलेला वृद्धाश्रम उभारण्याची तरतूद आहे, पण तो निराधारांसाठी, म्हणून या तुलनेत नाही.)

पैशाच्या बाबतीत आश्रम सरळसरळ स्वस्त. शिवाय आयकर खात्याकडे नोंदणी असलेल्या धर्मादाय संस्थेत साठीपुढच्या रहिवाशाला राहणे, जेवण आणि देखभाल मिळून महिना 25,000 रुपयांपर्यंतच्या शुल्कावर जीएसटी पडत नाही. बंगल्यात डायपर वेगळे, फिजिओथेरपी वेगळी, दवाखान्यात नेण्याची गाडी वेगळी. महिनाअखेरीस बिल आले की कळते.

माणसांच्या बाबतीतही आश्रमच उजवा, हे मान्य करायला हवे. तिथल्या मावश्या वर्षानुवर्षे त्याच. कोणाला कवळीशिवाय काय खाता येते, कोण रात्री उठून दाराशी जाऊन उभे राहते, हे त्यांना फाइल न उघडता ठाऊक. बंगल्यातल्या मुली ब्युरोकडून येतात आणि ओळख होते न होते तोच बदलतात. आईला डाव्या कानाने ऐकू येत नाही, हे प्रत्येक नव्या मुलीला आम्हीच सांगायचे. संगतीचेही तेच. आश्रमात पत्ते, हरिपाठ, पंख्याच्या स्पीडवरून भांडणे असे सगळे होते. बंगल्यात निम्मी माणसे बोलण्याच्या पलीकडे गेलेली. आई टीव्ही बघते. हे मला अजूनही खटकते.

तरी बंगला का, तर वाढदिवसांमुळे.

आश्रम देणग्यांवर चालतो, देणगीदारांचा मान राखावा लागतो, इथवर समजू शकतो. पण रविवार, सणवार, पितृपक्ष किंवा कुठल्याशा पुढाऱ्याचा वाढदिवस आला की सगळ्यांना हॉलमध्ये आणून बसवायचे. मग केक, फुगे, मोबाइलवर शूटिंग. प्रत्येकीच्या हातात केळे आणि बिस्किटांचा पुडा, आणि देणाऱ्याची नजर कॅमेऱ्याकडे. आईने जन्मभर शाळेत शिकवले, तिचे शुल्क तिच्याच पेन्शनमधून जायचे. तिच्यासमोर एक पोरगा वाकून म्हणाला, "आजी, रडू नका हं, आम्ही आहोत ना!" आई रडत नव्हती. मोतीबिंदूच्या ऑपरेशनपासून तिच्या डोळ्याला पाणी येते, एवढेच.

नुसते एवढेच असते तर कदाचित गिळलेही असते. पण हे प्रकरण ताटापर्यंत येते. संध्याकाळी सातला जेवण, म्हणून साडेसहाला इन्सुलिन, असा आईचा नेम होता. त्या दिवशी अन्नदान होते आणि पाहुणे ट्रॅफिकमध्ये. इन्सुलिन वेळेवर टोचून झाले, पण ताटे काही वाढली जाईनात. पाहुणे आले, मग फोटो, मग चार शब्द. आईला घाम फुटला, हात थरथरायला लागले. एका मावशीने ओळखले आणि साखरपाणी पाजले, म्हणून निभावले. ऑफिसात विचारले तर उत्तर मिळाले, "देणगीदार आल्याशिवाय ताटे कशी वाढणार?" मधुमेहाच्या माणसाच्या पानात जिलेबी का, हे मग मी विचारलेच नाही.

बंगल्यात जेवण बेचव आहे, खिचडी आणि दुधी आलटून पालटून. पण नर्स इन्सुलिन टोचते तेव्हा वेळेवर लक्ष असते, आणि ताट येते म्हणजे येते. आत सोडतात ते नातेवाइकांना. परवानगीशिवाय कोणाचा फोटो नाही. महिन्याला वजन होते आणि आम्हाला कळवतात. म्हाताऱ्या माणसाचे खाणे कमी झाले तर ते आधी वजनात दिसते, म्हणून याला माझ्या लेखी बरेच महत्त्व आहे. सगळे आलबेल आहे असे मात्र नाही. शेजारच्या खोलीत एक आजोबा अंथरुणाला खिळलेले आहेत. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून त्यांना दर दोन तासांनी कूस बदलून द्यायची असते, त्याचा तक्ता पलंगाला लावलेला आहे. एकदा दुपारी चारला सहज बघितले, तर सहाच्या रकान्यातही सही! मालकीणबाईंना दाखवले, त्यांनी नर्सला माझ्यासमोरच झापले. आता मी कधीही गेलो तरी नजर आधी त्या तक्त्याकडे जाते.

तुमचे माणूस हिंडते-फिरते, शुगर नसलेले, माणसांत रमणारे असेल तर आश्रम कदाचित बरा पडेल. काहींना त्या पाहुण्यांची मजाही वाटते. आईच्या शेजारच्या आजी रविवारची साडी शनिवारीच काढून ठेवत. फक्त प्रवेशअर्जातली बारीक अक्षरे वाचा. रहिवासी अंथरुणाला खिळल्यास नातेवाइकांनी घेऊन जावे, असे कलम आमच्या अर्जात होते. म्हणजे खरी गरज पडेल त्याच वेळी पुन्हा शोधाशोध.

बघायला जाल तेव्हा रविवारी संध्याकाळी, जेवणाच्या सुमाराला, न कळवता जा. आश्रमात विचारा, अन्नदानाच्या दिवशी इन्सुलिनवाल्यांचे ताट किती वाजता वाढता? बंगल्यात विचारा, रात्रपाळीला माणसे किती, आणि चालता येणाऱ्यालाही रात्री डायपर बांधता का? आमच्याकडे सुरुवातीला बांधत होते. आईने साफ नकार दिला. तेव्हापासून तिने बेल दाबली की मुलगी वॉकर घेऊन येते, कधी लगेच, कधी दहा मिनिटांनी.