डॅशबोर्ड ट्रिम: काही महिन्यांच्या वापरानंतर काय टिकलं, काय सुटलं

ट्रिम म्हणजे डॅशबोर्ड आणि दारांच्या पॅनेलवरचं सजावटीचं आवरण. ती निवडताना सगळं लक्ष डिझाइनवर असतं: लाकडाचा पोत घ्यावा, कार्बन फायबर की ब्रश्ड अ‍ॅल्युमिनियम? ती किती टिकेल हे मात्र खालचं प्लास्टिक कोणतं आहे आणि कडा कशा बसवल्या आहेत यावर ठरतं. हा अनुभव एकाच गाडीत शेजारीशेजारी वापरलेल्या तीन प्रकारांचा आहे. डॅशच्या आडव्या पट्टीवर ब्रश्ड अ‍ॅल्युमिनियम फिनिशची कास्ट विनाइल फिल्म (चिकटवायचा पातळ प्लास्टिक पापुद्रा) आहे, दारांवरच्या स्विच पॅनेलना वरून पारदर्शक रेझिनचा फुगीर थर दिलेले तयार तुकडे आहेत आणि गिअरभोवती पियानो ब्लॅक, म्हणजे पियानोसारखं चकचकीत काळं फिनिश आहे.

आधी निकाल. फिल्म उत्तम टिकली. रेझिनचे तुकडे सपाट जागी पक्के आहेत, वळणावर मात्र टोकं उचलली गेली. पियानो ब्लॅक पुन्हा घेऊ नये. नवीन असताना ते सुंदर दिसतं, पण अंगठी, किल्ली, कोरडं फडकं अशा कशानेही बारीक चरे पडतात आणि तिरप्या उन्हात ते सगळे उठून दिसतात. धूळ तर पुसल्या पुसल्या परत बसते. शिवाय ऊन गिअरजवळून परावर्तित होऊन थेट डोळ्यांत येतं. डॅशच्या वरच्या भागावर तर चकचकीत काहीच लावू नका, काचेत त्याचं प्रतिबिंब दिसत राहतं. मॅट किंवा सॅटिन फिनिश घेतलं की हा प्रश्न उरत नाही.

आता प्लास्टिकबद्दल. पॅनेल काढलं की मागच्या बाजूला प्लास्टिकच्या प्रकाराची खूण बहुधा कोरलेली असते. एबीएस किंवा पीसी-एबीएस (कडक प्लास्टिकचे प्रकार) असेल तर गोंद चांगला धरतो. पीपी (पॉलिप्रॉपिलीन) किंवा टीपीओ (त्याचंच रबरासारखं लवचिक मिश्रण) असेल तर सावध व्हा. त्याची पृष्ठऊर्जा कमी असल्याने गोंद त्यावर नीट पसरतच नाही. तिथे कडांना अ‍ॅडहिजन प्रमोटरचा, म्हणजे गोंदाची पकड वाढवणाऱ्या द्रवाचा पातळ हात द्यावा लागतो. फक्त कडांना आणि खोल खाचांना! सगळ्या पृष्ठभागावर लावला तर फिल्म उचलून पुन्हा बसवायची सोय जाते आणि पुढे काढताना गोंद खालीच राहतो. चामड्यासारखा दाणेदार पोत असलेल्या पॅनेलवर फिल्म लावूच नये. ती फक्त दाण्यांच्या माथ्यावर टेकते आणि खालचे दाणे वरून दिसतात. अशा जागी जाड तयार तुकडाच बरा, तोही मागे जाड फोम टेप (स्पंजासारखी दुहेरी चिकट पट्टी) असलेला.

सफाईत घाई झाली की पुढची मेहनत वाया जाते. डॅश पॉलिशमधलं सिलिकॉन हा इथला खरा शत्रू. पॅनेल आधी साबणाच्या पाण्याने धुवा, सुकवा, मग ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोनदा पुसा आणि दर वेळी फडक्याची नवी बाजू घ्या. बटणांच्या खाचा आणि एसी व्हेंटच्या कडा कापसाच्या काडीने पुसा. अ‍ॅसिटोन किंवा थिनर वापरू नका, एबीएस त्यात विरघळतं.

पॅनेल गाडीतच ठेवूनही फिल्म लावता येते, पण पॅनेल काढून लावली तरच कडा मागे दुमडता येते. आणि टिकण्याचं खरं कारण ती दुमडच आहे. चारही बाजूंनी साधारण १ सेंमी जास्त फिल्म ठेवा, मधून बाहेर स्क्वीजी (फिल्म दाबून बसवायची सपाट पट्टी) फिरवा आणि कोपऱ्यावर जादा भाग तिरका कापून मागे वळवा. फिल्म जेमतेम ०.१ मिमी जाड असते, त्यामुळे खाली राहिलेला धुळीचा एक कणही वरून टेकाडासारखा दिसतो. कोपऱ्यावर ती ताणून बसवली तर परत आखडायला बघते. म्हणून शेवटी दुमडलेल्या कडांना हीट गनने ९० ते १०० अंश सेल्सिअसपर्यंत उष्णता देऊन तो ताण मोडावा लागतो. एबीएसही त्याच सुमारास मऊ पडतं, तेव्हा गन एका जागी थांबवू नका. ब्रश्ड फिनिशमध्ये रेषांना दिशा असते. सगळे तुकडे एकाच दिशेने कापले नाहीत तर शेजारच्या दोन पॅनेलांचा रंगच वेगळा वाटतो.

तयार तुकड्यांची रीत वेगळी. कागद न सोलता सगळे तुकडे आधी जागेवर ठेवून बघा आणि मास्किंग टेपने रेषा आखून घ्या. स्विच, ग्लव्ह बॉक्सचं झाकण, कप होल्डर उघडबंद करून कुठे अडतं का ते पाहा. तुकडा थोडा कोमट केला की वाकतो. थंड असताना वाकवला तर रेझिनला तडा जातो. अ‍ॅक्रिलिक फोम टेप नेहमीच्या तापमानाला २० मिनिटांत साधारण निम्मी ताकद धरते, २४ तासांत ९० टक्के आणि पूर्ण ताकदीला ७२ तास लागतात. लावल्याच दिवशी गाडी उन्हात उभी केली की टोकं उचलणारच. वळणावरचे आमचे तुकडे सुटले ते मात्र टेपच्या दोषाने नाही. पॅनेलच्या वक्रतेपेक्षा तुकडा सपाट होता, म्हणून तो सतत सरळ व्हायला बघत होता. अशा तुकड्याला जास्त चिकट टेप लावणं हा उपाय नव्हे, तिथे तुकडाच वेगळा हवा.

एअरबॅगच्या बाबतीत तडजोड नाही. प्रवाशासमोरचं एअरबॅगचं झाकण, त्याची फाटण्याची रेष, स्टीअरिंगचा मधला भाग आणि असेल तिथे गुडघ्याच्या एअरबॅगचं पॅनेल यांवर काहीही चिकटवू नये. एअरबॅग उघडताना त्यावरचा कडक तुकडा थेट अंगावर उडतो. पॅनेल काढताना पिवळा कनेक्टर दिसला तर तो बहुधा एअरबॅगचा असतो. बॅटरीचं ऋण टोक सोडून, मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबूनच पुढे जा. कनेक्टर सुटा असताना इग्निशन चालू केलं तर एअरबॅगचा दिवा लागतो आणि तो घालवायला गाडीतले दोष वाचणारा स्कॅनर लागतो.

क्लिप काढायला प्लास्टिकचं प्राय टूलच (पॅनेल उचकटायची पट्टी) घ्या, स्क्रू ड्रायव्हरने कडेला कायमची खूण पडते. दोन-चार क्लिप जास्तीच्या आणून ठेवा, जुन्या मोडतातच. मागे दुमडलेल्या फिल्मने पॅनेल किंचित घट्ट बसतं, ते चांगलंच. तरी खडबडीत रस्त्यावर करकर ऐकू आली तर जिथे दोन प्लास्टिक घासतात तिथे कापडी टेपची पट्टी लावा, आवाज थांबतो.

देखभाल फारशी नाही. ओलसर मायक्रोफायबर पुरतं, पण चमक आणणारा स्प्रे फिल्मच्या कडेवर मारू नका. काढायची वेळ आली तर फिल्म हेअर ड्रायरने कोमट करून कडेपासून, जवळजवळ उलटी दुमडत, सावकाश ओढा. फोम टेपचा तुकडा मासेमारीच्या दोऱ्याने मागून करवतीसारखा कापत आणा. उरलेला गोंद अंगठ्याने चोळून गोळा करा आणि राहिलेला चिकटपणा अल्कोहोलने पुसा.