बाटलीचा अरोमा बर्नर: काचेची वाटी करायची की काचेचा आडोसा?

रिकाम्या बाटलीपासून टी-लाइटवर, म्हणजे छोट्या चपट्या मेणबत्तीवर, चालणारा अरोमा बर्नर करायचा म्हटलं की दोन घडणी समोर येतात. पहिलीत बाटलीचं बूड कापून त्याचीच वाटी करतात, तीत पाणी आणि सुगंधी तेल घालतात आणि खाली मेणबत्ती लावतात. दुसरीत बाटलीची मधली नळी मेणबत्तीभोवती आडोशासारखी उभी राहते. तेलाची वाटी पितळेची, स्टीलची किंवा चिनीमातीची असते आणि ती लोखंडी तिवईवर बसते. पहिली घडण जास्त देखणी, फोटोत तर फारच. तरीही माझं मत आधीच सांगते: घरात रोज वापरायचा असेल तर दुसरीच करा.

कारण काचेतच आहे. बाटल्या, बरण्या, खिडकीची तावदानं ही सगळी सोडा-लाइम काच. तापली की ती बरीच प्रसरण पावते. प्रयोगशाळेतल्या चंचुपात्राची बोरोसिलिकेट काच तिच्या साधारण एक तृतीयांशच. ज्योतीवरचा भाग तापून पसरू पाहतो, शेजारचा गार भाग त्याला धरून ठेवतो, आणि ताण सोसवला नाही की तडा जातो. कारखान्यात बाटल्या गरम पाण्यातून काढून एकदम थंड पाण्यात बुडवून तपासतात, तेव्हा दोन्हींच्या तापमानातला फरक साधारण 42 अंशांचा ठेवतात. टी-लाइटवर पाणी आटून कोरडी पडलेली वाटी शंभर अंशांच्या सहज पुढे जाते. अशा वाटीत कुणी नळाचं चमचाभर पाणी ओतलं, तर ती टिकण्याचा काही भरवसा नाही.

यावर हमखास एक प्रश्न येतो: लोणच्याच्या बरण्या आपण उकळून घेतोच की, त्या कुठे फुटतात? उकळताना बरणी गार पाण्यात ठेवून हळूहळू तापवतो, आणि पाणी तिला चारी बाजूंनी सारखं तापवतं. ज्योत एका जागी तापवते. फरक तेवढाच, पण काचेसाठी तोच सगळा फरक आहे.

जाड काच जास्त टिकेल हा दुसरा समज. जाड काचेत खालचा पृष्ठभाग तापलेला आणि वरचा अजून गार अशी स्थिती जास्त वेळ राहते, त्यामुळे ती उलट लवकर तडकते. वाइनच्या बाटलीचं बूड तर मधल्या खळग्यामुळे कुठे जाड, कुठे पातळ असतं. गोटी सोड्याच्या बाटल्या यासाठी मुळीच कापू नका. त्यांची काच जाड असतेच. जशा आहेत तशा जपाव्यात.

काच तडकल्यावर पुढे काय होतं, हे निवड करताना सगळ्यात आधी बघायला हवं. काचेची वाटी फुटली तर तेल आणि पाणी थेट ज्योतीवर आणि वितळलेल्या मेणावर पडतं. निलगिरी आणि संत्र्याच्या तेलाची वाफ साधारण 50 अंशांच्या आसपासच पेट घेण्याजोगी होते, लॅव्हेंडरची 70 च्या आसपास. पेटलेल्या मेणावर पडलेल्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि मेण चारी दिशांना उडतं. दुसऱ्या घडणीत आडोशाची काच तडकली तरी वाटी तिवईवर तशीच राहते. फार तर एक बाटली वाया जाते.

तिवई कितीही साधी चालेल, पण वाटीचा भार तिनेच पेलायला हवा. वाटी थेट नळीच्या कडेवर टेकवू नका. भार काचेवर येतो, शिवाय नळीचं तोंड बंद होऊन गरम हवा कोंडते आणि ज्योत काजळी धरते. वाटी आणि नळीची वरची कड यांत बोटभर फट ठेवा. खालूनही हवा हवी, म्हणून नळी तीन स्टीलच्या नटांवर टेकवा आणि सगळं एका सिरॅमिक टाइलवर मांडा. टी-लाइटची वात आणि वाटीचं बूड यांत सात-आठ सेंटिमीटर अंतरापासून सुरुवात करा. पाण्यातून वाफ निघावी, उकळी फुटू नये. उकळी फुटलीच तर वाटी आणखी वर घ्या.

वाटी कशाची घ्यावी? स्टीलची घरातच सापडते, पण ती पटकन तापते आणि पाणी लवकर आटतं. पितळेची शोभते, मात्र लिंबूवर्गीय तेलांनी डागाळते. बिनझिलईच्या मातीच्या वाटीत तेल मुरत जातं, आणि तेल प्यालेली माती ज्योतीवर नको. माझी पसंती शाळेच्या प्रयोगशाळेत पाहिलेल्या चिनीमातीच्या बाष्पनपात्राला. ते ज्योतीवर तापवण्यासाठीच बनवलेलं असतं, ओतायला चोच असते आणि प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतं. वाटी काचेचीच हवी असेल तर तिथेच बोरोसिलिकेटची मागा. वाटी कुठलीही असो, आधी दोन-तीन मोठे चमचे पाणी आणि मग तेलाचे पाच-सहा थेंब. नुसतं तेल कधीही तापवायचं नाही.

आता बाटली. बिअरच्या बाटल्या धुऊन पुन्हा पुन्हा भरल्या जातात. उजेडात धरल्या की खांद्यावर आणि बुडाजवळ पांढुरके, खरखरीत पट्टे दिसतात. ते बारीक ओरखडे असतात आणि तडा तिथूनच सुरू होतो. वाइनची बाटली बहुधा एकदाच भरलेली, म्हणून काच नितळ. तिचा व्यास साधारण साडेसात सेंटिमीटर असल्यामुळे मधोमध ठेवलेल्या टी-लाइटच्या ज्योतीपासून काच पुरेशी लांब राहते. अरुंद बाटल्या नकोत.

कापण्याच्या तीन पद्धती आहेत. नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये भिजवलेला दोरा बाटलीला गुंडाळून पेटवायचा, ही व्हिडिओंमुळे सगळ्यांना माहीत झालेली आणि तिन्हींत वाईट. हातात पेटलेलं रसायन, कड वेडीवाकडी, आणि न दिसणाऱ्या तड्या राहिल्या तर मेणबत्तीच्या उष्णतेने त्या पुढे सरकतात. त्यापेक्षा चाकाच्या कटरने बाटलीभोवती एकच रेघ मारा. त्याच रेघेवरून पुन्हा फिरवू नका. मग बाटली फिरवत रेघेवर कडकडीत पाण्याची धार धरा, लगेच नळाखाली, पुन्हा गरम. थोड्या वेळाने बारीक ‘टिक’ असा आवाज येतो आणि काचेच्या आत एक चमकती रेषा हळूहळू गोल फिरताना दिसते. ती पूर्ण जुळली की तुकडा हातात येतो. घाईने ओढलात तर कड तिरकी तुटते. सगळ्यात सफाईदार काप पाण्यावर चालणाऱ्या डायमंड चाकाचा. टाइल कापणाऱ्याकडे तशी मशीन असेल आणि काचेला चालणारं बारीक चाक असेल, तर दोन कापांचे पैसे देऊन मोकळे व्हा.

कड घासायला वॉटर पेपर आधी 120 नंबरचा, मग 220, मग 400, आणि घासणं सतत पाण्यात. काचेची कोरडी धूळ फुप्फुसात जायला नको. डोळ्यांवर गॉगल हवाच. कपच्या कागदात घट्ट गुंडाळून त्यावर ठळक ‘काच’ लिहा. कचरा वेगळा करणाऱ्या ताईंचे हात त्या पिशवीत जातात.

हे सगळं नको असेल तर झिलई असलेली वाटी बघून सिरॅमिकचा तयार बर्नर घ्या. रांगतं मूल किंवा उड्या मारणारं मांजर असलेल्या घरात मी ज्योतच नको म्हणेन. तिथे विजेवरची कापूरदाणी बरी, तीही हात पोचणार नाही अशा सॉकेटमध्ये. कापूर मात्र कुलूपबंद ठेवा, कारण तो पोटात गेला तर लहान मुलांना आकडी येऊ शकते.

बर्नर तयार झाला की पहिला टी-लाइट ओट्यावर, नुसत्या पाण्यावर, समोर थांबून पूर्ण जळू द्या. त्याला साधारण चार तास लागतात. पाणी कमी झालं तर गरम पाणीच घाला. शेजारी एक स्टीलचं झाकण ठेवा: मेणानेच पेट घेतला तर ते वरून घालायचं, पाणी मारायचं नाही. गार झाल्यावर नळीच्या दोन्ही कडांवरून नख फिरवा आणि काच उजेडात बघा. नख कुठे अडकलं किंवा केसाएवढी रेघ दिसली, तर ती नळी वापरू नका, दुसरी कापा.