परदेशी शिकायला निघालेल्यांनी कार्ड इथलं न्यावं की तिथलं घ्यावं?

भाची अमेरिकेला आणि पुतण्या जर्मनीला, दोघंही महिनाभराच्या अंतराने निघाले. नागपूरच्या धरमपेठेतल्या आमच्या घरी बॅगा भरण्यापेक्षा जास्त वेळ एकाच प्रश्नावर गेला: इथलंच क्रेडिट कार्ड वापरायचं, की तिथल्या बँकेचं घ्यायचं? दोघांचं उत्तर वेगळं निघालं, कारण कार्ड वापरणारा खरा मालक आहे का, हे प्रत्येक देश वेगळ्या रीतीने तपासतो.

आपल्याकडे पैसे जाण्याआधी पहारा असतो. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २००९पासून ऑनलाइन कार्डव्यवहारांना दुसरी पडताळणी सक्तीची केली, त्यामुळे ओटीपी आपल्या अंगवळणी पडला आहे. बर्डीवरच्या दुकानात कार्ड नुसतं टेकवून ५,००० रुपयांपर्यंत पैसे जातात, त्यापुढे पिन लागतो.

अमेरिकेत ओटीपीची कायदेशीर सक्ती नाही. कार्ड नंबर, मागचे तीन आकडे आणि बिलाचा पत्ता जुळला की बहुतेक ठिकाणी काम होतं. पत्त्यातही मुख्यतः घरक्रमांक आणि पाच आकडी झिपकोड पाहतात. पेट्रोलपंपावरचं यंत्रही झिपकोड मागतं. आमचा ४४००१० हा सहा आकडी पिनकोड तिथे बसत नाही, मग आत काउंटरवर जाऊन पैसे द्यायचे. एवढ्या सैल तपासणीवर तो देश चालतो, कारण ग्राहकाची बाजू कायद्याने धरली आहे. १९७०च्या कायद्यानुसार क्रेडिट कार्डाच्या गैरवापरात ग्राहकाच्या माथी जास्तीत जास्त ५० डॉलर येतात.

पण हे संरक्षण तिथल्या बँकांच्या कार्डांना आहे, आणि इथेच मला सगळ्यात जास्त काळजी वाटली. नागपूरचं कार्ड अमेरिकी वेबसाइटवर वापरलं की बऱ्याचदा ओटीपी येतच नाही, आणि तिथला कायदा आपल्या बँकेला लागू नाही. उरतो तो रिझर्व्ह बँकेचा २०१७चा नियम: चूक ना बँकेची ना तुमची असेल, तर बँकेचा संदेश आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तक्रार केल्यास तुमच्यावर बोजा नाही. म्हणजे तो संदेश मुलापर्यंत वेळेत पोचला पाहिजे. भारतीय सिम बंद करून ठेवलेल्या मुलाला तो कसा दिसणार? व्यवहारांचे ईमेल अलर्ट सुरू आहेत ना, हे निघण्याआधी नक्की पाहा. परदेशी विक्रेत्याने पडताळणी मागितली तर ती करण्याची व्यवस्था भारतीय बँकांनी १ ऑक्टोबर २०२६पर्यंत उभारावी असा आदेश आहे. मागणं मात्र विक्रेत्याच्याच हाती.

युरोप आपल्या जवळचा. तिथे २०१९पासून कडक पडताळणीचा नियम आहे. ३० युरोपर्यंतच्या किंवा कमी जोखमीच्या ऑनलाइन खरेदीला सूट मिळू शकते, एरवी बँकेच्या ॲपवर बोट किंवा चेहरा दाखवून मंजुरी द्यायची. हा नियम युरोपातल्या कार्डांसाठी असला, तरी तिथले अनेक विक्रेते आपल्या कार्डालाही पडताळणी मागतात आणि मग ओटीपी येतो तो भारतातल्या नंबरवर. म्हणून जर्मनीला जाणाऱ्याने सिमवर रोमिंग इथूनच सुरू करून न्यावं. ब्रिटनमध्येही साधारण हीच रीत आहे, त्यावर वेगळं लिहायची गरज नाही.

माझं मत स्पष्ट आहे. अमेरिकेत जाणाऱ्याने तिथलं क्रेडिट कार्ड लवकरात लवकर घ्यावं. उधारीचा इतिहास नसतो म्हणून सुरुवातीला अनामत ठेवून मिळणारं कार्ड घ्यावं लागलं तरी चालेल. डेबिट कार्डाला तिथे वेगळा, कमी उदार कायदा आहे, त्यावर विसंबू नये. जर्मनीला जाणाऱ्याला एवढी घाई नाही. तिथलं खातं उघडेपर्यंत रोमिंगवर चालू असलेलं सिम आणि इथलं कार्ड त्याला पुरतं.

एक गोष्ट दोघांसाठीही. २०२०पासून नवीन कार्डावर परदेशी आणि ऑनलाइन वापर मुळात बंद असतो, तो आपणच सुरू करायचा. ॲपमध्ये दोन्हींची मर्यादा वेगवेगळी ठरवता येते. भाची विमानतळाकडे निघण्याआधी आम्ही परदेशी ऑनलाइन वापर बंद ठेवला आणि दुकानातला वापर पहिल्या महिन्याच्या किराण्यापुरता सुरू केला. विद्यापीठाची फी बँकेतूनच पाठवली.