ओकोनोमियाकी: ओसाकात खावी की हिरोशिमात?

जपानच्या सहलीत एकच संध्याकाळ हाताशी असेल आणि ती ओकोनोमियाकीच्या, म्हणजे कोबी घातलेल्या जपानी धिरड्याच्या, तव्यासमोरच्या स्टुलावर घालवायची असेल, तर माझं मत हिरोशिमाला. ओसाकाची ओकोनोमियाकी चवीला कुठेही कमी नाही. पण काउंटरवर बसण्याची खरी मजा हिरोशिमात आहे.

ओसाकात पीठ, अंडं, चिरलेला कोबी आणि किसलेला नागाइमो हा कंद वाडग्यातच कालवतात, तव्यावर जाडसर थापतात आणि वर डुकराच्या मांसाचे पातळ काप लावतात. वरून सॉस, मेयोनेज आणि सुक्या बोनिटो माशाचे कागदासारखे पापुद्रे. वाफ लागली की ते वळवळत राहतात. बऱ्याच ठिकाणी टेबलातच तवा असतो आणि भाजायचं काम तुमच्याकडे. बरोबर पोरं असतील तर हेच बरं. तिथे ‘बुतातामा’, म्हणजे डुकराचं मांस आणि अंडं घातलेली, मागवा.

हिरोशिमात कालवाकालव नाही. आधी घावनाइतका पातळ पिठाचा थर, त्यावर माशाची पूड, मग कोबीचा असा ढिगारा की हे उलटणार कसं, असं वाटावं. त्यावर मुगाचे लांब मोड, तळणीतला चुरा, मांसाचे काप. मग दोन कालथे खाली सरकवून सगळा डोलारा एका झटक्यात पालथा. इकडेतिकडे उडालेला कोबी कडेने आत सारला जातो, आणि वर आलेल्या पिठाच्या थराखाली वाफेवर ढिगारा हळूहळू बसतो. तोवर शेजारी नूडल्स परतून होतात. त्यांच्यावर हे सगळं, आणि शेवटी तव्यावर फोडून पसरलेल्या अंड्यावर पुन्हा सगळं. वीसेक मिनिटं सहज जातात, पण नजर हलत नाही. इथली नेहमीची ऑर्डर ‘निकुतामा सोबा’, म्हणजे मांस, अंडं आणि नूडल्स. ताट न मागता छोट्या कालथ्याने तव्यावरूनच खा. जीभ मात्र सांभाळा.

नूडल्समुळे पोट गच्च भरतं. नंतर आणखी काही खायचा बेत असेल तर ओसाका. तिथल्या दोतोनबोरी या खाऊगल्लीत पुढे ताकोयाकी, म्हणजे ऑक्टोपसचे गोळे, आहेतच.

मांस न खाणाऱ्यांना, अंडं चालत असेल तर, हिरोशिमा थोडं सोपं. थर एकेक करून चढत असल्याने ‘निकु नुकी’, म्हणजे मांसाशिवाय, असं सांगता येतं. माशाची पूडही नको असेल तर पीठ तव्यावर पडायच्या आधीच सांगा. ओसाकात पिठातच बहुधा दाशी, म्हणजे माशाचं सार, असतं. तरी तवा सगळ्यांचा एकच, आणि हिरोशिमाच्या ओताफुकूसारख्या सॉसमध्ये खजुराबरोबर मांसाचा अर्कही असतो. कडक शाकाहारी असाल तर दोन्हीकडचा नाद सोडा.

हिरोशिमात नेमकं दुकान ठरत नसेल तर ओकोनोमिमुरा गाठा: एकाच इमारतीत मजल्यामजल्यांवर वीसेक छोटी दुकानं. शिन-ओसाका स्टेशनाहून नोझोमी या बुलेट ट्रेनने दीड तासाच्या आत हिरोशिमा येतं, त्यामुळे दुपारचं जेवण ओसाकात आणि रात्रीचं हिरोशिमात, हेही जमतं.