गोव्याच्या दमट हवेत बांबूच्या गोल सुया आणि सुती धागा : एक उन्हाळा व एक पावसाळा वापरल्यानंतर

विणकाम म्हणजे लोकर आणि लोकर म्हणजे थंडी, या समजुतीमुळे गोव्यात राहणारे अनेकजण या छंदाकडे वळतच नाहीत. मी फोंड्याला राहते आणि उन्हाळ्याच्या आरंभापासून पावसाळा सरेपर्यंत केवळ सुती धागा आणि वायरने जोडलेल्या बांबूच्या गोल सुया वापरून विणत आले आहे. मुख्य सुई ४ मिलिमीटर जाडीची आणि टोकापासून टोकापर्यंत ८० सेंटिमीटर लांबीची आहे. बॉर्डरसाठी तिच्या जोडीला ३.२५ मिलिमीटरची घेतली. एवढ्या साधनांवर बारशासाठी कुंची, स्वयंपाकघरातील पुसणी आणि बिनबाह्यांचा एक सैलसर टॉप पूर्ण झाला, आणि या हवेत वर्षभर आनंदाने विणता येते, याची मला खात्री पटली.

सुयांबद्दल आधी सांगते. एप्रिल-मे महिन्यांत पंख्याखाली बसूनही बोटांना घाम येतो, अॅल्युमिनियमच्या सरळ सुया ओल्या बोटांतून निसटतात, आणि वरचा मुलामा झिजलेला असेल तर पांढऱ्या सुतावर करडे डाग पडतात. बांबू घामाने निसरडा होत नाही आणि टाके जागच्या जागी धरून ठेवतो. सुती धाग्याला लोकरीसारखी लवचीकता नसल्यामुळे सैल टाका आपोआप आवळला जात नाही, म्हणून सुईची ही पकड मला फार मोलाची वाटते. दुसरा लाभ वजनाचा आहे. सूत जड असते. सरळ सुयांवर विणत असलेल्या कापडाचा भार मनगटांवर येतो, तर गोल सुयांवर तोच भार वायरवरून मांडीवर उतरतो. मनगट दुखते म्हणून विणकाम सोडून दिलेल्या मावशी-काकींनी केवळ एवढ्यासाठी तरी ही सुई हातात घेऊन पाहावी. गोल सुईवर फक्त गोलच विणता येते असे नाही. ओळ संपली की काम उलटवून सपाट कापडही तितक्याच सहजतेने विणता येते. टोके आखूड असल्यामुळे कदंबाच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी, बसमध्ये शेजारच्या प्रवाशाला कोपर न लागता पणजीपर्यंत विणत जाता येते, हे सुख वेगळेच.

पावसाळ्यात मात्र या सुयांची काळजी घ्यावी लागते. जुलैच्या ओलसर हवेत बांबू किंचित खरखरीत होतो आणि टाके पुढे सरकेनासे होतात. सुई कोरड्या कापडाने पुसून तिच्यावर मेणबत्तीचे मेण हलकेच घासले आणि पुन्हा स्वच्छ पुसले की काम सुरळीत होते. नवी वायर वेटोळे घालून बसते. क्षणभर गरम पाण्यात धरून सरळ ओढून ठेवली की ती नरम पडते, पण त्या वेळी बांबूची टोके पाण्याबाहेर ठेवावीत. खरेदी करताना बांबू आणि वायर यांच्या सांध्यावरून नख फिरवून पाहावे. सांधा जरासा जरी उंच असला तरी प्रत्येक ओळीत धागा तिथे अडकतो, आणि विणण्याची गोडी त्यानेच सर्वांत लवकर जाते.

धाग्याची निवड करताना हवेचा विचार आधी करावा. ६५ टक्के सापेक्ष आर्द्रतेत सूत आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारे ८ टक्के ओलावा शोषते, अॅक्रिलिक जेमतेम दीड-दोन टक्के. त्यामुळे बाजारात सहज मिळणारी स्वस्त अॅक्रिलिक लोकर इथल्या उकाड्यात अंगाला चिकटते आणि सुती कापड सुखद वाटते. चकाकणारे मर्सराइज्ड सूत गुळगुळीत असते, त्याला रंग अधिक खुलून येतो आणि तूस कमी निघते. सुतावर कॉस्टिक सोड्याची ही प्रक्रिया जॉन मर्सर यांनी १८४४ मध्ये शोधली आणि पुढे धागा ताणून धरून ती करू लागल्यावर त्याला आजची चमक मिळाली. टॉपसाठी मी तेच वापरले. कुंची आणि पुसणी यांसाठी मात्र साधे, बिनचमकीचे सूतच मला अधिक आवडते, कारण ते मऊ असते आणि पाणी चटकन टिपते.

सुताचा मोठा दोष असा, की ते स्वतःच्या वजनाने खाली लांबते आणि पूर्ववत होत नाही. म्हणून १० सेंटिमीटरला २२ टाके हे माप सुईवरच्या कोऱ्या नमुन्यावर, म्हणजे आधी विणून पाहिलेल्या लहान तुकड्यावर, मोजून चालत नाही. नमुना धुऊन, वाळवून, खालच्या कडेला कपड्यांचे चिमटे लावून रात्रभर टांगावा आणि मगच मोजावा. सुलट-उलट टाक्यांची बॉर्डरही सुतात सैल पडते. ती बारीक सुईवर विणली तर बऱ्यापैकी आकार धरते.

सुयांच्या क्रमांकांविषयीही थोडे लिहिणे आवश्यक आहे. आपल्याकडील जुन्या सुयांवर इंग्रजी मोजणी असते. तिच्यात ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर आणि १० नंबर म्हणजे ३.२५, म्हणजे आकडा वाढला की सुई बारीक होते. विणकामाच्या अमेरिकी कृतींत ८ नंबर म्हणजे ५ मिलिमीटर. त्यामुळे नेहमी मिलिमीटरच पाहावेत.

विणलेले सुती कापड ओले असताना दोरीवर कधीही टांगू नये. टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी दाबून काढावे, कोरड्या टॉवेलवर सपाट पसरावे आणि पंखा लावावा. पावसात पूर्ण वाळायला दुसरा दिवसही लागतो, पण घाई करून घडी घातली तर बुरशीचे काळे ठिपके पडतात आणि ते सहसा जात नाहीत. उरलेल्या गुंड्या मी घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवते, प्रत्येक गुंडीबरोबर तिची रंगाच्या घाण्याचा (एकाच वेळी रंगवलेल्या सुताचा) क्रमांक असलेली पट्टीही जपते, आणि चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी ऊन पडले की डबा उघडून सारे वारा लागेल असे पसरून ठेवते.