माजघरातला स्क्रीन: टॅब, रास्पबेरी पाय की सरळ वायर?

घराभोवती पहारा ठेवणारे कॅमेरे लावून झाले, त्यांचं चित्र साठवणारा डबा, म्हणजे डीव्हीआर, माडीवरच्या कपाटात बसला, माझ्या फोनवर चित्र दिसायला लागलं. तेव्हा आई म्हणाली, "तुझ्या फोनात दिसतंय, त्याचा मला काय उपयोग?" बरोबरच होतं तिचं. दिवसभर घरी ती असते, मी कामावर चिपळूणला. मग माजघरात एक आणि स्वयंपाकघरात एक असे दोन स्क्रीन लावायचं ठरलं, आणि पुढच्या दीड वर्षात मी तीन प्रकार करून पाहिले: भिंतीवर जुना टॅब, मॉनिटरच्या मागे रास्पबेरी पाय (तळहाताएवढा छोटा कॉम्प्युटर, पुढे नुसता 'पाय'), आणि डीव्हीआरपासून ओढलेली वायर.

टॅबचा नंबर पहिला लागला, कारण तो घरात पडूनच होता. आमच्या भिंती चिऱ्याच्या. माडीवरच्या राऊटरचं वायफाय त्यातून माजघरात पोचेपर्यंत अर्धमेलं होतं. डीव्हीआरच्या ॲपमध्ये सबस्ट्रीम (कॅमेऱ्याचं कमी दर्जाचं, हलकं चित्र) निवडला आणि तो एच.२६५ वरून एच.२६४ वर (दोन्ही व्हिडिओ दाबून लहान करण्याच्या पद्धती, दुसरी जुनी) आणला, तेव्हा कुठे चित्र अडखळायचं थांबलं. (जुन्या टॅबवर नुसतं काळं दिसत असेल तर आधी हेच बघा.) तरी उशीर राहिलाच. स्क्रीनवर माणूस फाटकाची कडी काढत असायचा आणि प्रत्यक्षात तो ओटीवर येऊन "आहात का?" म्हणत असायचा. त्यात चोवीस तास चार्जिंगला लावल्यामुळे बॅटरी फुगून टॅबची पाठ उचलली गेली. तेव्हा तो काढून टाकला. टॅबबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं काही नाही.

पायचं प्रकरण वेगळं. तो मला मनापासून आवडला होता, आजही आवडतो. डीव्हीआरकडून आरटीएसपी स्ट्रीम (नेटवर्कवरून येणारं थेट चित्र) घ्यायचा आणि पूर्ण स्क्रीनभर लावायचा. प्रत्येक स्क्रीनला आपलं वेगळं चित्र: स्वयंपाकघरात परसू, म्हणजे पपईवर वानर आले की लगेच कळतं, माजघरात फाटक. नेटवर्कची वायर लावली तर उशीर मला जेमतेम सेकंदभर वाटला. घेणार असाल तर एक लक्षात ठेवा. पाय ४ मध्ये एच.२६४ आणि एच.२६५ दोन्हींसाठी हार्डवेअर डिकोडर (दाबलेला व्हिडिओ उलगडणारा चिपमधला खास भाग) आहे; २०२३ च्या पाय ५ मधून एच.२६४ चा काढून टाकलाय. पाय ५ प्रोसेसरच्या जोरावर वेळ निभावून नेतो, पण चार-पाच कॅमेरे एकदम दाखवायचे असतील तर या कामाला जुना पाय ४ च बरा, असं माझं मत.

मग पावसाळा आला, आणि लाईट जायला लागली. इन्व्हर्टर आहे आमच्याकडे. पण जूनमध्ये एकदा गेलेली लाईट कधी कधी रात्रभर येत नाही आणि पहाटे बॅटरी बसते. सकाळी लाईट आली की सगळं शून्यापासून सुरू. त्यात पाय उठतो सगळ्यांच्या आधी. डीव्हीआर अजून डोळे चोळत असतो, प्लेअरला स्ट्रीम सापडत नाही, तो नाद सोडून देतो. मी ऑफिसात पोचतो न पोचतो तोच आईचा फोन: "अरे, ते काळं झालंय आणि वर बारीक पांढरं इंग्रजी येतंय." दर दहा सेकंदांनी पुन्हा प्रयत्न करणारी स्क्रिप्ट लिहिली, तो त्रास संपला. मग असंच अचानक बंद पडून पडून पाय ज्यावर चालतो ते मेमरी कार्ड गेलं. नवं घातलं, ऑगस्टात तेही गेलं. जाणकार म्हणतील, कार्ड फक्त वाचण्यापुरतं ठेव, नाहीतर त्याऐवजी एसएसडी (जास्त टिकाऊ डिस्क) लाव. खरंय. पण त्या दिवशी फोनवरून आईला कार्ड काढून पुन्हा घालायला सांगताना मला स्वतःचीच लाज वाटली.

वायरीला यातलं काहीच नाही. साधी एचडीएमआय केबल दहा-पंधरा मीटरच्या पुढे भरवशाची नसते, म्हणून डीव्हीआरला स्प्लिटर (एक चित्र दोन वाटांनी देणारा डबा), पुढे कॅट सिक्स या नेटवर्कच्या वायरीवर चालणारे एक्सटेंडर (चित्र लांबवर नेणारी डब्यांची जोडी, एक या टोकाला, एक त्या टोकाला), आणि दोन्ही मॉनिटर. पलीकडच्या डब्याला त्याच वायरीतून वीज मिळते असा एक्सटेंडर घ्या, एक ॲडाप्टर वाचतो. लाईट आली की डीव्हीआर उठतो आणि सगळे कॅमेरे स्क्रीनवर येतात. ना पासवर्ड, ना वायफाय. उशीर तर डोळ्याला जाणवतच नाही.

खोट नाही असं नाही. सगळ्या स्क्रीनवर एकच चित्र दिसतं, आणि ते नुसतं त्रासाचं नाही, कधी कधी फजितीचं असतं. एका रविवारी मी माडीवर बसून आदल्या दिवशीचं रेकॉर्डिंग बघत होतो. खाली आईला फाटकाशी गॅसवाला दिसला. ती रिकामा सिलिंडर घरंगळत ओटीपर्यंत घेऊन आली, बाहेर चिटपाखरू नाही! तेव्हापासून जुनं रेकॉर्डिंग मी फोनवरच बघतो. दुसरं, चिऱ्याला भोक पाडून वायर नेणं हे गवंड्याचं काम आहे. आणि तिसरं सगळ्यात महागाचं: परतीच्या पावसात वीज जवळ कुठेतरी पडली आणि एक्सटेंडरची एक जोडी जळाली. दोन हजारांच्या आसपास गेले, डीव्हीआर वाचला हे नशीब. आता गडगडायला लागलं की आई स्वतःच माडीवर जाऊन खटका पाडते आणि वायरी उपसून ठेवते. ते तिला कार्ड बदलण्यापेक्षा सोपं जातं.

तुमच्याकडे लाईट क्वचित जात असेल, घर फ्लॅटचं असेल आणि प्रत्येक खोलीत वेगळा कॅमेरा बघायचा असेल, तर मी तुम्हाला पायपासून अडवणार नाही. माझ्याकडचे दोन पाय सध्या डब्यात आहेत.

वायर घेणार असाल तर टीव्हीऐवजी मॉनिटर बघा. बरेच टीव्ही लाईट आल्यावर लाल दिवा लावून रिमोटची वाट बघत बसतात, काही मॉनिटरही तसेच असतात. दुकानात तो चालू असताना सॉकेटचं बटण बंद करा, दोन मिनिटं इकडच्या तिकडच्या गप्पा मारा, आणि बटण पुन्हा चालू करा. काहीही न दाबता चित्र आलं तरच पैसे द्या.