मंबल : बसवायला सोपे, जुळवायला वेळखाऊ

ऑनलाइन गेम खेळताना संघातल्या खेळाडूंशी बोलण्यासाठी आज बहुतेक जण डिस्कॉर्ड वापरतात, आणि त्यात वावगे काही नाही. खाते उघडायचे, लिंकवर क्लिक करायचे आणि बोलायला लागायचे, एवढाच तो खटाटोप. २००५ पासून चालत आलेले मंबल हे याच कामाचे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर अगदी वेगळ्या वाटेने जाते. पहिल्यांदा उघडताच ते मायक्रोफोनची, आवाजाच्या पातळीची आणि ओळखीच्या प्रमाणपत्राची विचारपूस सुरू करते, आणि सर्व्हरही, म्हणजे सगळे खेळाडू ज्याला जोडले जातात तो संगणकही, स्वतःच चालवायचा असेल तर पोर्ट (जोडणीच्या दरवाजाचा क्रमांक) आणि पासवर्डही पाहावे लागतात. ही कटकट नको म्हणून अनेक जण तिथेच थांबतात. मला मात्र ही विचारपूस मंबलची सर्वात जमेची बाजू वाटते, कारण आवाज तुटतो, घुमतो किंवा उशिरा पोहोचतो या तक्रारींचे मूळ पुष्कळदा सॉफ्टवेअरमध्ये नसतेच. ते हेडसेटमध्ये, विंडोजच्या सेटिंगमध्ये किंवा राउटरमध्ये दडलेले असते.

प्रत्यक्ष इन्स्टॉल करण्याविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींसाठी ते अधिकृत संकेतस्थळावर मोफत मिळते, आणि ज्याला फक्त खेळायचे आहे त्याला क्लायंट, म्हणजे सर्व्हरला जोडणारा प्रोग्रॅम, पुरेसा असतो. अँड्रॉइड फोनवर मुमला नावाचे ॲप मंबलच्या सर्व्हरला जोडता येते.

पहिल्यांदा सुरू केल्यावर समोर येणारा ऑडिओ विझार्ड, म्हणजे आवाज जुळवण्याच्या पायऱ्यांची खिडकी, घाईघाईने ‘पुढे, पुढे’ करत संपवण्याचा मोह होतो. तो आवरावा. आवाज येण्याजाण्याची उपकरणे निवडून झाली की एक नमुना आवाज सतत ऐकू येतो आणि एक पट्टी सरकवून विलंब कमी करत न्यायचा असतो; आवाज तुटायला लागला की थोडे मागे यायचे. त्यानंतर मायक्रोफोनची पातळी ठरवण्यासाठी दोन प्रकारे बोलायला सांगितले जाते : आधी चिडल्यावर किंवा उत्साहाच्या भरात बोलतो तसे मोठ्याने, आणि मग रात्री उशिरा कोणाची झोप मोडू नये म्हणून बोलतो तसे हळू. ज्याने ही पायरी लिहिली त्याने गेम खेळणारी माणसे जवळून पाहिलेली असावीत, कारण सामन्याच्या ऐन रंगात ओरडणारा आणि मध्यरात्री कुजबुजणारा हा एकच माणूस असतो आणि त्याचा मायक्रोफोन दोन्ही वेळा नीट चालायला हवा असतो.

पुढचा प्रश्न असतो आवाज केव्हा पाठवायचा हा. बटण दाबल्यावरच, म्हणजे पुश-टू-टॉक, की बोलणे सुरू झाल्याचे सॉफ्टवेअरने ओळखून आपोआप? आपोआप पाठवण्यासाठी दोन मर्यादा ठरवाव्या लागतात. खालच्या मर्यादेच्या आतली पातळी शांतता मानली जाते आणि वरच्या मर्यादेपलीकडची बोलणे. या दोन्ही मर्यादा एकमेकींना चिकटवल्या तर वाक्याच्या शेवटचे शब्द गिळले जातात, आणि दोन्ही खूप खाली ठेवल्या तर कीबोर्डची प्रत्येक टकटक संघातल्या सगळ्यांना ऐकवली जाते. खोलीत पंखा असेल किंवा कीबोर्ड यांत्रिक असेल, तर पुश-टू-टॉक निवडणे शहाणपणाचे. पार्श्वभूमीचा गोंगाट दाबण्यासाठी स्पीक्स आणि आरएनएन-नॉइज असे दोन मार्ग उपलब्ध आहेत, त्यांतला दुसरा सहसा अधिक चांगला चालतो. तरीही मायक्रोफोन तोंडापासून हातभर लांब असेल, तर आवाजाची कोणतीही गाळणी त्याची भरपाई करू शकत नाही.

पुश-टू-टॉकबाबत विंडोजवर एक अडचण वारंवार येते आणि दोष मात्र मंबलवर ढकलला जातो. गेम ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवलेला असेल आणि मंबल साध्या वापरकर्त्याच्या अधिकाराने, तर गेमची खिडकी पुढे असताना दाबलेले बटण मंबलपर्यंत पोहोचतच नाही, कारण कमी अधिकाराच्या प्रोग्रॅमला जास्त अधिकाराच्या प्रोग्रॅमकडे जाणारी बटणे पाहू न देणे हा विंडोजचा सुरक्षेचा नियम आहे. उपाय सरळ आहे, दोन्ही एकाच अधिकाराने चालवायचे. शक्य असेल तर गेमचा अधिकार कमी करणे अधिक चांगले. लिनक्सवर वेलँड ही पडद्यावर खिडक्या दाखवणारी व्यवस्था वापरणाऱ्यांना याच्याच जवळची अडचण येते, कारण तिथेही एका प्रोग्रॅमला दुसऱ्याच्या खिडकीतली बटणे सहजासहजी दिसत नाहीत.

बोलणे सुरू झाले की गेममधल्या पावलांचा आवाज एकदम मंद होतो, ही दुसरी नेहमीची तक्रार. विंडोजच्या ध्वनी सेटिंगमध्ये ‘कम्युनिकेशन्स’ नावाचा भाग आहे आणि संभाषण चालू असल्याचे कळले की बाकीचे आवाज ८० टक्क्यांनी कमी करावेत, अशी तिथली मूळ निवड असते. इतरांच्या बोलण्याच्या वेळी बाकीचे प्रोग्रॅम दबवण्याची स्वतंत्र सोय मंबलमध्येही आहे. दोन्ही एकाच वेळी चालू राहिल्या तर गेम जवळजवळ मुका होतो, म्हणून विंडोजची सोय बंद करून मंबलची आपल्या कानाला पटेल तेवढीच ठेवावी.

ब्लूटूथ हेडसेटविषयी मात्र स्पष्टच सांगायला हवे. अशा अनेक हेडसेटचा मायक्रोफोन वापरात येताच संगीताची ए-टू-डी-पी ही पद्धत सोडून फोनवरील बोलण्यासाठीच्या एच-एफ-पी पद्धतीवर जाणे भाग पडते. मग आवाजाचे नमुने सेकंदाला सहसा ८ हजार किंवा १६ हजार एवढेच घेतले जातात, आणि मंबलचा ओपस कोडेक (आवाज दाबून लहान करणारी पद्धत) ४८ किलोहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ४८ हजार नमुन्यांवर, चालत असला तरी ती गुणवत्ता कानापर्यंत पोहोचत नाही. शिवाय गेमचाही आवाज डब्यातून आल्यासारखा होतो. वायरचा हेडसेट किंवा स्वतःचा यूएसबी डोंगल असलेला बिनतारी हेडसेट घेतला की हा प्रश्न मुळातच मिटतो, आणि सेटिंगमध्ये तासन्‌तास खटपट करण्यापेक्षा तेच बरे.

ओपसचा उल्लेख आलाच आहे, तर मंबलमधल्या ‘एका पाकिटात किती आवाज’ या निवडीविषयी थोडे सांगतो (पाकीट म्हणजे इंटरनेटवरून एकदम जाणारा माहितीचा गठ्ठा), कारण ती बहुतेकांना कळत नाही. २०१२ मध्ये खुले मानक म्हणून प्रसिद्ध झालेला हा कोडेक आवाज छोट्या तुकड्यांत बांधतो. १० मिलिसेकंदांचा तुकडा निवडला तर सेकंदाला १०० पाकिटे जातात, आणि आयपी-व्ही-४ या इंटरनेट पत्त्यांच्या जुन्या, प्रचलित पद्धतीच्या साध्या जोडणीत प्रत्येक पाकिटावर पत्ता लिहिण्यापोटी २८ बाइट खर्च होतात, म्हणजे आवाज वगळता नुसत्या पत्त्यांसाठीच सेकंदाला सुमारे २२ किलोबिट लागतात. ६० मिलिसेकंदांच्या तुकड्यांना तोच खर्च ४ किलोबिटांहूनही कमी येतो, पण बोलणे तेवढेच उशिरा पोहोचते आणि एक पाकीट हरवले तर अख्खे अक्षर गळते. इंटरनेटची जोडणी बरी असेल तर १० किंवा २० वरच थांबावे. फक्त डळमळीत मोबाइल डेटावर खेळणाऱ्यांनी मोठा तुकडा निवडून पाहण्यात अर्थ आहे.

विझार्डमागोमाग येणारे प्रमाणपत्र नवख्याला सर्वात अनोळखी वाटते. मंबलमध्ये खाते आणि पासवर्ड यांऐवजी तुमच्या संगणकावर तयार झालेले प्रमाणपत्र हीच ओळख असते, आणि सर्व्हरवर नाव नोंदवले की ते नाव या प्रमाणपत्राशी बांधले जाते. सोय मोठी आहे, कारण पासवर्ड लक्षात ठेवावा लागत नाही. पण संगणक नव्याने बसवताना ती फाइल गेली, तर सर्व्हर तुम्हाला परका समजतो आणि तुमचेच नाव तुम्हाला नाकारतो. म्हणून प्रमाणपत्र निर्यात करून त्याची प्रत दुसरीकडे ठेवण्याचे काम त्याच दिवशी उरकावे. ही गोष्ट मंबलने आणखी ठळकपणे सांगायला हवी होती.

सर्व्हर स्वतः चालवायचा असेल तर पोर्ट ६४७३८ राउटरवर टीसीपी (हरवलेले पुन्हा पाठवणारी) आणि यूडीपी (हरवलेले सोडून पुढे जाणारी) या माहिती पाठवण्याच्या दोन्ही पद्धतींसाठी खुला करावा लागतो. नेमका इथेच सर्वात फसवा दोष संभवतो. फक्त टीसीपी खुला केला तरी सगळे जोडले जातात, चॅनेल (बोलण्याच्या वेगवेगळ्या खोल्या) दिसतात, बोलणेही ऐकू येते. कारण यूडीपीची वाट बंद आढळली की मंबल आवाजही टीसीपीतूनच पाठवू लागते. टीसीपीत हरवलेले पाकीट पुन्हा येईपर्यंत मागची सगळी पाकिटे खोळंबतात, त्यामुळे शांत वेळी सर्व ठीक भासते आणि गर्दीच्या वेळी बोलणे अडखळते. सर्व्हरच्या माहितीच्या खिडकीत यूडीपीचे आकडे दिसतात का ते आधी पाहावे. आवाजाच्या सेटिंगमधली लूपबॅक चाचणी सर्व्हरवर लावली तर आपलेच बोलणे सर्व्हरपर्यंत जाऊन परत ऐकू येते, आणि विलंब किती हे कानांनाच कळते. इंटरनेट पुरवठादाराने एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असेल, तर मात्र राउटरवर पोर्ट उघडून उपयोग होत नाही. अशा वेळी भाड्याचा छोटा सर्व्हर घेणे हाच व्यवहार्य मार्ग. आवाज सर्व्हरवर मिसळला जात नाही, तो फक्त पुढे पाठवला जातो, त्यामुळे साधा संगणकही मोठ्या संघाला पुरतो.

परवानग्यांची रचना हा मंबलचा सर्वात कच्चा भाग आहे. कोणत्या चॅनेलमध्ये कोण येईल, कोण बोलेल, कोण कोणाला बाहेर काढेल हे सर्व बारकाईने ठरवता येते, पण गट, वारसा (वरच्या चॅनेलचे नियम आतल्या चॅनेलला लागू होणे) आणि नियमांचा क्रम यांचा मेळ घालताना चांगला अनुभवी माणूसही गोंधळतो. एखाद्या चॅनेलवर चुकून सर्वांनाच नकार लावला गेला, तर सुपरयूजर या सर्वाधिकार असलेल्या नावाने आत जाऊन तो काढावा लागतो, आणि त्याचा पासवर्ड सर्व्हर पहिल्यांदा सुरू होताना लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदींच्या फाइलमध्ये, लिहिला जातो हे अनेकांना ठाऊकच नसते.

टीमस्पीक या अशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या सर्व्हरवर परवान्याविना ३२ जणांची मर्यादा असते, तशी अट मंबलवर नाही. दुसरीकडे डिस्कॉर्डसारखे स्क्रीन दाखवणे किंवा जुने संदेश वाचणे यांची अपेक्षा येथे ठेवू नये. उशिरा आलेल्याला आधीची लिखित चर्चा दिसत नाही. दर आठवड्याला नवे चेहरे येणाऱ्या मोकळ्या गटाला मंबल सुचवण्याचे धाडस मी करणार नाही. ठरलेल्या वेळी ठरलेल्या खेळाडूंनी खेळणाऱ्या संघाने मात्र ते जरूर घ्यावे, फक्त सर्व्हरची जबाबदारी कोणा एकाच्या नावावर टाकावी आणि चॅनेल, नोंदवलेली नावे व परवानग्या ज्या एका डेटाबेस फाइलमध्ये राहतात तिची प्रत प्रत्येक नव्या आवृत्तीवर जाण्याआधी त्याने काढून ठेवावी.